जुन्या व्हिडिओ गेमचा कोश स्वतः काढायचा तर

स्वतःचं पुस्तक स्वतः कसं छापायचं, यावर आपण मागे थोडं बोललो होतो. त्यानंतर केंद्रावर बरेच फोन आले. बहुतेक कवितासंग्रहांचे, दोन पाककृतींचे, एक जात्यावरच्या ओव्यांचा. पण एका वहिनींचा प्रश्न अगदी वेगळा होता आणि आजचा सगळा वेळ मी त्यालाच देणार आहे.

वहिनींच्या घरचं तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रुपया टाकायचा आणि डाव खेळायचा. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले आणि दुकान बंद झालं. आता माळ्यावर दोन पेट्या गेमच्या कॅसेट आहेत आणि वहिनींच्या डोक्यात शेकडो गेमची नावं आहेत. त्यांना याचा एक कोश करायचा आहे. कोणता गेम, तो कुणी केला, कोणत्या साली निघाला, आपल्याकडची पोरं त्याला काय म्हणत, असं सगळं. त्या म्हणाल्या, "ताई, ज्यांना ज्यांना विचारलं ते हसले. मग मी स्वतःच छापू का? बचत गटातून साठ हजार कर्ज मिळतंय."

कर्जाचं उत्तर आधी देते, कारण तेच तातडीचं आहे. कर्ज घेऊ नका. का, ते हिशोबाकडे आलो की सांगते. पण पुस्तक करा. त्यात हसण्यासारखं काहीच नाही.

अमेरिकेत लेनर्ड हर्मन नावाचे एक गृहस्थ आहेत. १९९४ साली त्यांनी 'फिनिक्स' नावाचं पुस्तक काढलं. घरी टीव्हीला जोडून खेळायच्या गेमचा तो इतिहास. त्या काळी अशा विषयावर कुणी इतिहास लिहील, हेच लोकांना चमत्कारिक वाटायचं. पुस्तक कुठल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आलं नाही. हर्मन यांनी 'रोलेन्टा प्रेस' नावाचं स्वतःचं छोटं प्रकाशन काढलं आणि त्यातून ते छापलं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव त्यांनी दिलं, कारण १९८३च्या सुमाराला अमेरिकेत हा धंदा अक्षरशः कोसळला होता आणि दोन-तीन वर्षांनी जपानच्या निन्टेन्डो कंपनीमुळे पुन्हा उभा राहिला. पुढे हर्मन यांनी त्याच छोट्या प्रकाशनातून 'एबीसी टू द व्हीसीएस' हे दुसरं पुस्तक काढलं. ती शुद्ध सूची आहे. 'ॲटारी' कंपनीच्या १९७७ साली आलेल्या एका यंत्रावर जे गेम निघाले त्यांची नोंदवही. म्हणजे आपल्या वहिनींना जे करायचं आहे, अगदी तेच.

आणि २००५ साली याच रोलेन्टा प्रेसने राल्फ बेअर यांचं आत्मकथनपर पुस्तक छापलं. बेअर हे घरगुती व्हिडिओ गेमचे जनक मानले जातात. मूळचे जर्मनीतले ज्यू, नाझींच्या जाचातून कुटुंबाबरोबर सुटून १९३८ साली अमेरिकेत आले. टीव्हीवर खेळ खेळता येईल ही कल्पना त्यांनी १९६६ साली कागदावर मांडली आणि त्यावरून १९७२ साली 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे पहिलं घरगुती यंत्र बाजारात आलं. पुढे या कल्पनेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा बेअर यांनी जपून ठेवलेले तारखेसकट कागद कामी आले. बघा, एवढ्या मोठ्या माणसाचं पुस्तकसुद्धा एका घरगुती प्रकाशनातून आलं.

आता तुम्ही म्हणाल, ही माहिती तर सगळीकडे असेल, मग कोश कशाला? इथेच खरी मेख आहे. सुपर मारिओ हा जगातला सगळ्यात गाजलेला गेम. मिशीवाला प्लंबर, उड्या मारत जातो तो. जपानमध्ये तो १३ सप्टेंबर १९८५ला निघाला, ही तारीख पक्की. पण अमेरिकेत तो नेमका कोणत्या दिवशी दुकानात आला, हे आजतागायत कुणाला पुराव्यानिशी सांगता आलेलं नाही. अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं, जाहिराती, कंपनीचे कागद धुंडाळले, तरी वेगवेगळी उत्तरं येतात. लाखो लोकांनी खेळलेल्या गेमची ही कथा, तर आपल्या तालुक्यातल्या दुकानाचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट म्हणजे हे गेम नाहीसे होत आहेत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१०पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेही रीतसर विकत मिळत नाहीत. कॅसेटच्या आतल्या छोट्या बॅटऱ्या संपतात, पट्ट्या गंजतात. (कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो, आठवतं? त्या फुंकरेतल्या ओलाव्याने पट्ट्या उलट जास्त गंजायच्या. स्वतः निन्टेन्डोनेच पुढे फुंकू नका असं सांगितलं.) डक हंटमधली ती बंदूक तर आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो. वस्तू जातात तेव्हा निदान नोंद तरी राहावी लागते.

आणि नोंद नीट नसली की कुणाची नावं पुसली जातात? मैत्रिणींनो, हे ऐकण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात ॲटारी कंपनी गेम लिहिणाऱ्यांची नावं डब्यावर छापत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या एकाने वैतागून आपलं नाव गेमच्या आत एका गुप्त खोलीत लपवून ठेवलं होतं. चौघे जण तर, आम्हाला नाव आणि वाटा हवा, म्हणत बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी काढली. ॲटारीतच कॅरल शॉ नावाची एक तरुण इंजिनिअर १९७८ साली लागली होती. पुढे ती ॲक्टिव्हिजनमध्ये गेली आणि १९८२ साली तिचा 'रिव्हर रेड' आला, नदीवरून विमान न्यायचं तो. तो तुफान चालला, आणि या कंपनीत नाव छापायची पद्धत असल्यामुळे तिचं नाव लोकांपर्यंत पोचलं. त्याच सुमाराला डोना बेली हिने ॲटारीत 'सेंटिपीड' या गेमवर काम केलं.

वर्षानुवर्षं कॅरल शॉ हीच पहिली व्यावसायिक स्त्री गेमकार, असं लिहिलं जायचं. २०१७ साली एका पत्रकाराने जॉयस वाइसबेकर या बाईंना शोधून काढलं. त्यांचे वडील आरसीए कंपनीत इंजिनिअर होते आणि जॉयस यांनी १९७६ सालीच त्या कंपनीच्या 'स्टुडिओ टू' या यंत्रासाठी गेम लिहिले होते. म्हणजे शॉ यांच्या आधी. चाळीस वर्षं हे नाव कुणाच्या यादीत नव्हतं. यंत्र चाललं नाही, म्हणून त्याची सूची कुणी नीट केली नाही, आणि सूची नाही म्हणून बाई दिसली नाही. शॉ यांची थोरवी याने कमी होत नाही, हेही सांगायला हवं. पण कोशाचं काम काय असतं, ते या एका उदाहरणावरून कळतं. चाललेल्या गेमचं कौतुक कुणीही करतं. कोशात न चाललेलासुद्धा यावा लागतो.

आता करायचं कसं?

सगळ्यात आधी कुंपण घाला. "सगळे जुने गेम" असा कोश एका जन्मात होत नाही. एकट्या निन्टेन्डोच्या त्या जुन्या यंत्रावर उत्तर अमेरिकेत कंपनीच्या परवानगीने निघालेले गेम पावणेसातशेच्या आसपास भरतात, आणि बिनपरवानगीचे धरायचे का, यावरून मोजणाऱ्यांत वाद आहेत ते वेगळेच. वहिनींना मी सुचवलं की तुमचं कुंपण तुमच्या दुकानाभोवती घाला. आपल्या भागात जे गेम खरोखर खेळले गेले तेवढेच. ही माहिती जगातल्या कुठल्याही जाड पुस्तकात नाही, ती तुमच्याकडेच आहे.

कारण आपल्याकडे नावांची फार मजा होती. दुकानातल्या मोठ्या मशीनवरचा 'मुस्तफा' सगळ्यांना माहीत. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यात चार जणांतून एक खेळाडू निवडायचा असतो, त्यांतल्या एकाचं नाव मुस्तफा. आपल्या पोरांना तोच आवडला आणि सबंध गेमलाच त्याचं नाव पडलं. घरी खेळायचा तो 'टँक' म्हणजे नामको कंपनीचा १९८५चा 'बॅटल सिटी'. शिवाय घरी जी यंत्रं यायची त्यांतली बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३च्या 'फॅमिकॉम'ची नक्कल असायची, आणि कॅसेटवर 'नव्व्याण्णव गेम एकात' किंवा 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव एकात' असं छापलेलं असायचं. लावून बघितलं की तेच दहा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. अशा कॅसेटवरच्या यादीवरून कोशात नोंद केली तर एकच गेम सात वेळा येईल. प्रत्येक गेम लावून, पहिला पडदा बघून, त्यावर कंपनीचं नाव आणि साल असतं ते उतरवून घ्यायचं. नकली कॅसेटमध्ये कधीकधी तेही खोडलेलं असतं. मग खेळाच्या चित्रांवरून मूळ गेम ओळखावा लागतो, आणि ओळखला असेल तर तसं नोंदीत लिहावं लागतं.

एका नोंदीत काय काय असावं, ते सुरुवातीलाच ठरवा आणि मग शेवटपर्यंत तोच साचा ठेवा. मूळ नाव, आपल्याकडचं नाव, काढणारी कंपनी, मूळ साल, कोणत्या यंत्रावर, किती जण एका वेळी खेळत, माहीत असेल तर करणाऱ्याचं नाव, आणि माहिती कुठून आली. हे शेवटचं लोक गाळतात, आणि तेच सगळ्यात मोलाचं. "पडद्यावरून", "डब्यावरून", "दुकानातल्या आठवणीवरून", एवढं लिहिलं तरी पुरे. सालाच्या बाबतीत एक काळजी घ्या. एकच गेम आधी दुकानातल्या मोठ्या मशीनवर येतो आणि नंतर घरच्या यंत्रावर. 'कॉन्ट्रा' मशीनवर १९८७ला आला, घरच्या यंत्रावर १९८८ला. दोन्ही सालं बरोबरच आहेत, पण कशाचं साल ते लिहिलं नाही तर दोन्ही चूक ठरतात. आणि आपल्या गावात तो पोचला असेल त्यानंतर कितीतरी वर्षांनी, ते तिसरं साल. जे कळलं नाही तिथे "माहिती मिळाली नाही" असं सरळ छापा. रिकामी जागा अंदाजाने भरली की तो अंदाज पुढच्या पुस्तकात खरा होऊन बसतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ॲटारीने न खपलेल्या कॅसेट पुरल्या, ही गोष्ट कितीतरी वर्षं लोक दंतकथेसारखी सांगत. २०१४ साली तिथे खणलं, तेव्हा कॅसेट सापडल्या. म्हणजे पुरल्याचं खरं निघालं. पण फक्त 'ई.टी.' याच एका गेमच्या कॅसेट पुरल्या, हे लोक जे सांगायचे ते खरं नव्हतं, इतर बरेच गेम त्यात होते. अर्धी खरी गोष्ट कोशकाराला फार छळते.

आता क्रम. कोश अकारविल्हे लावायचा, हे सोपं वाटतं, पण मी रोज डीटीपीचं काम करते म्हणून सांगते, मराठीत इथेच घात होतो. कॉम्प्युटरला "क्रमाने लाव" म्हटलं की तो कधीकधी स्वतःच्या क्रमाने लावतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, कॉम्प्युटरच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी बसवलेला आहे. 'ॲटारी'तला ॲ हे अक्षर त्या तक्त्यात नंतर घातलं गेलं, त्यामुळे काही वेळा ॲटारी, ॲडव्हेंचर आयलंड असे शब्द पार ह च्याही मागे जाऊन पडतात. त्यातून हा ॲ दोन तऱ्हांनी टंकता येतो, एक म्हणजे सबंध अक्षर, दुसरं म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. एका तऱ्हेने शोधलं तर दुसरीने लिहिलेलं सापडत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच एक वही करा आणि तुमची शुद्धलेखनाची पद्धत लिहून ठेवा. मारिओ की मारियो? गेम्स की गेम? व्हिडिओ की व्हिडीओ? कुठलंही घ्या, पण एकच घ्या. मजकूर युनिकोडमध्येच टंका. जुन्या फॉन्टमध्ये टंकलं तर पुढे शोधता, बदलता येत नाही.

आणि उलट्या नोंदी विसरू नका. पोरगा 'टँक' शोधेल, 'बॅटल सिटी' शोधणार नाही. तर ट मध्ये "टँक: पाहा बॅटल सिटी" अशी एक ओळ हवीच. आपल्या भागातल्या नावांचा कोश म्हणून ह्या ओळींतच पुस्तकाचा अर्धा जीव आहे.

चित्रांचं जरा जपून. गेममधली चित्रं, डब्यावरची चित्रं, मारिओसारखी पात्रं यांचे हक्क त्या त्या कंपन्यांचे आहेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षा किंवा परीक्षणासाठी मर्यादित वापराला जागा आहे. नोंदीच्या बाजूला त्याच गेमचं एक लहान चित्र, त्यावर तुम्ही काही भाष्य केलेलं, हे त्या जागेत बसू शकतं. पण मुखपृष्ठावर मोठा मारिओ छापला तर ते परीक्षण राहत नाही, ती सजावट होते. तेव्हा मुखपृष्ठावर तुमच्या स्वतःच्या पेटीचा, स्वतःच्या कॅसेटच्या ढिगाचा फोटो घ्या, आणि तोही शक्य तर चित्रांऐवजी कॅसेटच्या पाठी दाखवणारा. दुसऱ्याने काढलेला फोटो इंटरनेटवरून उचलू नका, त्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचाही हक्क असतो. आणि पुस्तकासोबत गेम भरलेला पेनड्राइव्ह देऊ असं कुणी सुचवलं, तर नाही म्हणा. गेमविषयी लिहिणं वेगळं, गेमची नक्कल वाटणं वेगळं.

डबा टीव्हीच्या पडद्याचा फोटो मोबाइलवर काढला की काळे पट्टे येतात. कॅमेऱ्याचा वेग पडद्यापेक्षा जास्त असतो म्हणून. फोटोच्या सेटिंगमध्ये शटर एक पंचविसांश सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा, मोबाइल कशाला तरी टेकवा, दिवे मालवा, फ्लॅश बंद. पट्टे जातात.

आता पैसा. छापखान्यात पुस्तक पानांवर मोजत नाहीत, फर्म्यांवर मोजतात. नेहमीच्या डेमी आकारात एक फर्मा म्हणजे सोळा पानं. तुमचं पुस्तक १६० पानांचं झालं तर दहा फर्मे. १६३ पानांचं झालं तर अकरा फर्म्यांचा कागद आणि तेरा पानं कोरी. म्हणून शेवटी तीन पानं कमी करा किंवा तेरा पानांचा मजकूर वाढवा. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, काळ्या छपाईला एक. प्रत्येक पानावर एक रंगीत चित्र टाकलंत तर सगळं पुस्तक रंगीत दराने जाईल. त्यापेक्षा रंगीत चित्रं एका फर्म्यात गोळा करा आणि बाकीचे नऊ फर्मे काळे छापा. बांधणीवर मात्र पैसे वाचवू नका. कादंबरी एकदा वाचून ठेवतात, कोश शंभरदा उघडतात. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या बांधणीची पानं सुटतात, शिलाई करून घ्या.

ऑफसेटमध्ये प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच, हजाराला तेवढाच. म्हणून छापखानेवाला सांगणार, "ताई, हजार काढा, स्वस्त पडेल." प्रत स्वस्त पडते हे खरं, पण सातशे प्रती पलंगाखाली राहिल्या की ती स्वस्ताई कुठे गेली? डिजिटल छपाईत प्लेट नसते, प्रत महाग पडते, पण पन्नासच काढता येतात. माझं मत विचाराल तर आधी तीस-चाळीस प्रती डिजिटल काढा, त्यावर "तपासणी प्रत" असं छापा आणि जाणत्यांना वाटा. गेम खेळलेली पोरं आता चाळिशीला आली आहेत, ती चुका बरोबर काढतील. मुद्रितशोधन मात्र गेम न खेळलेल्या माणसाकडून करून घ्या. खेळलेला माणूस मनातलं वाचतो, छापलेलं वाचत नाही.

कर्जाचा हिशोब आता. आकडे नुसते समजुतीसाठी घेते, तुमच्या छापखान्याचा दर वेगळा असेल. समजा ३०० प्रतींना एकूण ६०,००० रुपये खर्च आला. प्रत पडली २०० रुपयांना. किंमत ठेवली ३५०. दुकानदाराने चाळीस टक्के कमिशन घेतलं तर तुमच्या हाती २१० येतात. प्रतीमागे दहा रुपये! शिवाय ते पैसे विक्री झाल्यावर, तेही मागून मागून. आणि गटाचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू. म्हणून मी कर्ज नको म्हटलं. तीच प्रत तुम्ही स्वतः ३५०ला विकलीत तर १७२ प्रतींत सगळा खर्च निघतो. टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्या.

मग छापायला पैसे कुठून आणायचे? आधी गिऱ्हाईक गोळा करायचं, मग छापायचं. परदेशात याला आता मोठमोठी नावं आहेत. जॉन शेपानियाक नावाच्या लेखकाने जपानी गेमकारांच्या मुलाखतींचं पुस्तक असंच इंटरनेटवर वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन केलं आणि २०१४पासून त्याचे तीन खंड स्वतः काढले. पण आपल्याकडे ही रीत नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड काढले ते कुणा राजाच्या देणगीवर विसंबून नाही. नागपुरात कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले. त्या खटाटोपात घर कसं चाललं, हे त्यांच्या पत्नी शीलवतीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. जरूर वाचा, कोश काढणाऱ्याच्या घरातल्या बाईने तर नक्कीच वाचा.

आगाऊ पैसे घेतलेत तर वही चोख ठेवा. नाव, पत्ता, रक्कम, तारीख, पावती. पुस्तक कधी देणार ते लिहून द्या, आणि निघालं नाही तर पैसे परत देणार हेही लिहून द्या. ते पैसे घरखर्चात मिसळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. शंभर वर्गणीदारसुद्धा जमले नाहीत तर पुस्तक थांबवा किंवा छोटं करा. तेही एक उत्तरच आहे, आणि ते छापण्याआधी मिळतं.

एका गोष्टीपासून सावध करते. "पॅकेज" देणारे काही प्रकाशक असतात. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी अशा एकाकडे मोठी रक्कम भरली. त्यात आयएसबीएन क्रमांकाचेही पैसे लावले होते. तर ऐका, भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीत केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था आहे, ती तो देते. अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही करता येतो. त्या पॅकेजवाल्याने क्रमांक स्वतःच्या प्रकाशनाच्या नावावर घेतला, म्हणजे कागदोपत्री प्रकाशक तो झाला, आणि बाईंना दुसरी आवृत्ती काढताना त्याच्या मागे फिरावं लागलं. करारात हक्क कुणाकडे राहणार ती ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. हा क्रमांक तेरा आकडी असतो. कागदी बांधणीला एक, पुठ्ठा बांधणीला दुसरा, ई-पुस्तकाला तिसरा. जसंच्या तसं पुन्हा छापलं तर क्रमांक तोच, मजकूर वाढवून नवी आवृत्ती काढली तर नवा.

कॉपीराइटची नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तुम्ही लिहिलंत की तुमचा हक्क आपोआप तयार होतो आणि तुमच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. फक्त लक्षात घ्या, तुमचा हक्क तुमच्या लिहिण्यावर आणि मांडणीवर. 'बॅटल सिटी १९८५ साली निघाला' या माहितीवर कुणाचाच हक्क नसतो. ती दुसऱ्याने घेतली तर भांडू नका, उलट कोश कामाला आला असं समजा.

पुस्तक निघालं की चुका सापडणारच. शुद्धिपत्राचं एक पान वेगळं छापून उरलेल्या प्रतींत घाला, आणि पुस्तकात कुठेतरी तुमचा पत्ता द्या, दुरुस्त्या कुठे कळवायच्या ते लिहून.

आणि शेवटचं, जे घरगुती प्रकाशक हमखास विसरतात. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापलेलं प्रत्येक पुस्तक प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने चार ग्रंथालयांना पाठवायचं असतं. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. तेव्हा गठ्ठा घरी आला की आधी चार प्रती बाजूला काढा, पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि पावत्या त्याच वहीत चिकटवा. पन्नास वर्षांनी कुणाला मुस्तफा म्हणजे काय हे शोधावंसं वाटलं, तर ते तिथे जाऊन मागू शकतील. आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला पाचवी प्रत द्या. तिथे मात्र स्वतः जा, आणि ती संदर्भाच्या कपाटात ठेवायला सांगा, नाहीतर मुलांच्या गोष्टींत जाईल.